नवव्या मजल्यावरचं बदक

फिजिओथेरपिस्ट घरी आली की घरच्यांना वाटतं, ही पेशंटचा गुडघा बघायला आली आहे. मी आधी घर बघायचे. पेशंट कुठे बसतो, तिथून त्याला काय दिसतं, पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लागतो की सुनेला हाक मारावी लागते, घरातली माणसं त्याच्याशी बोलतात की त्याच्याबद्दल बोलतात. गुडघा त्यानंतर. मीरा-भाईंदरच्या गल्ल्यांतून स्कूटरवर फिरत मी इतकी वर्षं झोपलेल्यांना बसवलं, बसलेल्यांना उठवलं आणि उठलेल्यांना चालवलं. त्यातून एवढं कळलं, की म्हातारपण हाडांत जेवढं असतं तेवढंच ते सोफ्याच्या उंचीत, बाथरूमच्या गुळगुळीत लादीत आणि नातेवाइकांच्या आवाजात असतं.

आमच्या गोडदेवमधल्या एका आजींचा गुडघा फक्त नणंद यायची असली की धरायचा. नणंदेने "येणं जमत नाही गं" असा फोन केला, की आजी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायच्या. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांचं ब्लडप्रेशर घरात कोणी विचारपूस केली नाही की चढायचं. ते चढलं की सगळे भोवती जमायचे, त्याने गृहस्थांना बरं वाटायचं, आणि ते उतरायचं. मग सगळे आपापल्या कामाला जायचे. की पुन्हा सुरू. यावर लोक हसतात, मीही हसते, पण यातलं काहीही नाटक नव्हतं. आजींना खरंच दुखायचं आणि मशीनवरचा आकडाही खरा असायचा. दुखणं शरीरात असलं तरी त्याला बोलावणं बाहेरून जातं, एवढंच.

पण मला सांगायचंय ते हिरा मास्तरांबद्दल.

हिराजी म्हात्रे मूळचे खारी गावचे. गावात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, पण शाळेशी त्यांचा संबंध चौथीतच संपला होता. ते बँड मास्तर. आगरी-कोळी हळदी, लग्नं, पालख्या, सगळीकडे ट्रम्पेट घेऊन पुढे. हळदीत रात्रभर वाजवून सकाळी लग्नाच्या वरातीत उभे राहणारा माणूस. जुन्या घराच्या जागी बिल्डिंग उभी राहायची होती, म्हणून मुलगा जयेश त्यांना बेव्हर्ली पार्कमध्ये आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. नववा मजला. त्यानंतरच्या पावसाळ्यात मास्तरांना न्यूमोनिया झाला, आयसीयूत जाऊन आले, आणि घरी आल्यावर श्वासाचे व्यायाम करून घ्यायला मला बोलावलं.

मी गेले तेव्हा मास्तर सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. धूळ येते म्हणून खिडक्या बंद. पडदे बंद. गळ्याशी शाल. वय सत्तरच्या अलीकडचं, पण बसणं नव्वदीतलं. सून पल्लवी प्रेमळ होती, जरा जास्तच. मास्तरांनी पाण्याच्या ग्लासाकडे नुसतं बघितलं तरी ती तो उचलून त्यांच्या ओठांना लावायची.

"बाबा, मॅडम आल्यात," ती त्यांच्या कानाशी ओरडली.

"मी बहिरा न्हाय," मास्तर भिंतीला म्हणाले.

"बहिरे नाहीत, पण हल्ली लक्ष नसतं त्यांचं," पल्लवीने मला समजावलं. "जेवत नाहीत नीट. चालत तर अजिबात नाहीत. संडासलासुद्धा धरून न्यावं लागतं."

हॉस्पिटलात हे होतं. तिथे धडधाकट माणसालाही आजोबा म्हणतात, त्याच्या पायांकडे बघून मुलाशी बोलतात, त्याला विचारल्याशिवाय कूस बदलतात. पंधरवडाभर असं झालं की माणूस मान्य करून टाकतो. मास्तरांनी मान्य केलं होतं.

न्यूमोनियानंतर फुप्फुसाचा खालचा भाग चुण्या पडलेल्या पिशवीसारखा मिटून बसतो. तो उघडायला लांब श्वास आत ओढावा लागतो. त्यासाठी तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र मिळतं. नळी तोंडात धरायची, हवा आत ओढायची, गोळ्या वर चढतात. तो भाग उघडला नाही तर कफ साचतो आणि पेशंट परत हॉस्पिटलात. गमतीचं खेळणं दिसतं, पण बऱ्याच जणांचं पुढचं वर्ष त्या गोळ्यांवर अवलंबून असतं.

मी यंत्र मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, नळी तोंडात धरली आणि फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"मास्तर, फुंकायचं नाही. ओढायचं."

त्यांनी परत फुंकलं.

"आत घ्या हवा. स्ट्रॉने सरबत पितो तसं."

"जन्मभर फुकलं मी," ते म्हणाले. "आता वडू? आणि ह्याच्यान आवाज कुठं हाय?"

"आवाज नसतो याला."

"मंग वाजवाचं कशाला?"

त्यांनी यंत्र टीपॉयवर ठेवलं आणि परत भिंतीकडे वळले. हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. इतक्या पेशंटांनी मला इतक्या सबबी सांगितल्या होत्या, पण वाद्य बेसूर आहे म्हणून व्यायाम नाकारणारा हा पहिलाच.

मग मी दुसरा व्यायाम काढला. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. दम लागणाऱ्या माणसाला याने आराम पडतो. मी करून दाखवलं. मास्तरांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"चुकतंय तुमचं," ते म्हणाले. "कोपरं घट पायजेत. मधी ढिलं."

त्यांनी ओठ आवळले आणि सोडले. फर्रर्र असा आवाज आला, रिक्षा सुरू व्हावी तसा. पल्लवी स्वयंपाकघरातून धावत आली. मास्तरांनी परत केलं, या वेळी जरा लांब. मग खोकला आला, चांगला ओला, आतून सुटलेला खोकला. मी खूश झाले. आमच्या धंद्यात असा खोकला म्हणजे प्रसाद.

"ट्रम्पेट कुठंय?" मी विचारलं.

"माळ्यावर," पल्लवी म्हणाली. "पण जयेशने सांगितलंय, काढायचा नाही."

मी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, अख्खा ट्रम्पेट आत्ता नको, पण बसून, थोडं थोडं, बोटाला ऑक्सिमीटर लावून ओठांचं काही करत असतील तर करू द्या. मग पल्लवीनेच स्टूल आणलं, पेटी काढली, आणि आम्ही त्यातला फक्त पुढचा तुकडा, माउथपीस, मास्तरांच्या हातात दिला. पितळेची बोटभर वस्तू, वर इवलीशी वाटी, खाली नळी. त्यांनी ती शालीला पुसली.

"आता फुंका," मी म्हणाले. "पण लांब फुंकायचं तर आधी काय करावं लागेल?"

मास्तरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आपल्याला कुठे नेलं जातंय हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"आधी वडावं लागंल," ते म्हणाले, आणि छाती भरून हवा आत घेतली.

नुसत्या माउथपीसमधून ट्रम्पेटचा आवाज येत नाही. बदकाचा येतो. क्वॅक. मास्तरांनी दिवसातून तीन-चारदा सराव धरला, थोडा थोडा, मधे विश्रांती घेत. क्वॅक, क्वॅऽऽक. त्यात जयेशला कळू नये म्हणून पल्लवी तो ऑफिसला गेल्यावरच सराव करू द्यायची. आठवड्याभरात त्या प्लास्टिकच्या यंत्रातली पहिली गोळी वर चढू लागली. मास्तर तिच्याकडे तुच्छतेने बघायचे, पण चढवायचे.

आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरी मेहताभाईंचा मेसेज आला, की कोणीतरी बिल्डिंगमध्ये बदक पाळलंय, ज्याने पाळलंय त्याने स्वतःहून सांगावं.

पल्लवीने मला तो दाखवला तेव्हा आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. मास्तरांना वाचून दाखवला. ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कंचा मेहता? तो पांढऱ्या बुटाचा?" आणि माउथपीस ओठांना लावून दोनदा क्वॅक केलं, खिडकीच्या दिशेने. खिडकी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली होती. त्यांनीच उघडली होती, स्वतः चालत जाऊन.

पुढे जे झालं त्यात माझा हात नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी बदक जिन्यात पाहिलं. पांढरं होतं, चोच पिवळी. सहाव्या मजल्यावर म्हणे पीस सापडलं. कोणीतरी लिहिलं की बदकाने ताप पसरतो. कोणीतरी लिहिलं की बदक शुभ असतं. एका गृहस्थांनी मोठ्या समंजसपणे सुचवलं, की पाळायचं तर पाळा, पण लिफ्टमधून नेऊ नका. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तशी पाटी लागली. वॉचमन यादव मला गेटवर थांबवून म्हणाला, "मॅडम, आप तो घर-घर जाती हो. बतख देखा क्या?" मी म्हटलं, मी फक्त माणसांना बघते.

मास्तरांना रोज ग्रुप वाचून दाखवायचा ठराव झाला. त्यासाठी ते सकाळी दाढी करून तयार बसायचे. बाहेर पॅसेजमध्ये कोणी बदकाबद्दल बोलतंय असं वाटलं, की सोफ्यावरून उठून दाराशी जाऊन कान लावायचे. चालणं ते हेच. मी ठरवून दिलेला एकही व्यायाम त्यांनी इतक्या मनापासून केला नव्हता. जेवण वाढलं. पल्लवीने एकदा पाण्याचा ग्लास पुढे केला तर म्हणाले, "मना हात हायेत."

मग जयेशला कळलं. एक दिवस तो लवकर घरी आला आणि दारातच त्याला आवाज ऐकू आला.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो मटकन खुर्चीत बसला. "मॅडम, तुम्ही तेव्हा नव्हता," तो म्हणाला. "त्यांचे ओठ निळे झालेले मी बघितलेत. ॲम्ब्युलन्समध्ये. हे फुंकणं आता पुरे. त्यांना आराम करू दे."

मी डॉक्टरांचं सांगितलं, फुप्फुसाचं सांगितलं. तो मान हलवत राहिला. घाबरलेल्या माणसाला कारणं पुरत नाहीत. त्यात सोसायटीची भीती. "आम्ही इथे नवीन आहोत. आधीच सुकटीच्या वासावरून बोलणी खाल्लीत. आता हे बदक आमचं निघालं तर?"

त्याने माउथपीस पेटीत ठेवला आणि पेटी माळ्यावर. मास्तरांनी शाल घेतली आणि भिंतीकडे वळून बसले.

मी पुढच्या वेळी गेले तेव्हा खिडकी बंद होती. त्याच्या पुढच्या वेळी मास्तरांनी भात तसाच ठेवलेला होता. यंत्रातली गोळी अर्धी चढून खाली पडत होती. छातीला स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला खाली श्वास नीट पोचत नव्हता. डॉक्टरांनी तपासलं आणि जयेशला सांगितलं, असंच राहिलं तर परत ॲडमिट करावं लागेल. जयेश माझ्याकडे बघत होता, मी जयेशकडे. मास्तर भिंतीकडे.

नेमकं त्या आठवड्यातल्या रविवारी, मी तिथेच असताना, मेहताभाई कमिटी घेऊन आले. मेहताभाई, खजिनदार आणि हातात भाजीची प्लास्टिकची जाळी घेतलेला यादव. बदक पकडायला.

"जयेशभाई, बुरा मत मानना," मेहताभाई म्हणाले. "आवाज नौवें माले से ही आता था. सबका घर चेक करते हैं. मी पण मराठी समजतो हां, तुम्ही मराठीत बोला."

"आमच्याकडे बदक नाही," जयेश म्हणाला. घामाघूम.

"अच्छा, पण मग आवाज बंद पण झाला. लोग पूछते हैं, कहीं मर गया क्या."

यादवने सोफ्याखाली वाकून बघितलं. खजिनदार बाल्कनीत जाऊन आले. मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी मास्तरांची नाडी बघत असल्याचं दाखवलं. आणि माझ्या हातातून मास्तरांनी मनगट सोडवून घेतलं.

"जयेश," ते म्हणाले. "माळ्यावरचं काड."

"बाबा, नको."

"काड. त्या बिचाऱ्यांना शोधून शोधून दम लागलाय."

जयेश हलला नाही. मग पल्लवीने स्टूल घेतलं, चढली, आणि पेटी खाली आणली. मास्तरांनी माउथपीस घेतला, शालीला पुसला, छाती भरून हवा आत ओढली आणि क्वॅक केलं. यादव जाळी घेऊन दोन पावलं मागे गेला.

मेहताभाई त्या पितळी तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. आता हा माणूस दंड लावणार असं मला वाटत होतं.

"ये कैसे किया?" ते म्हणाले.

"फुक," मास्तरांनी माउथपीस पुढे केला. पल्लवीने मधेच झडप घालून तो गरम पाण्याने धुऊन आणला.

मेहताभाईंनी फुंकलं. नुसती हवा गेली. परत फुंकलं. चेहरा लाल झाला. खजिनदारांनी फुंकलं, त्यांना शिंक आली. यादवने लाजत लाजत फुंकलं आणि त्याच्यातून एक बारीकसं, पण खरंखुरं क्वॅक निघालं. ते मेहताभाईंना फार लागलं. सेक्रेटरीला येत नाही ते वॉचमनला येतं, हे कसं चालेल.

"फुकतोस गालानी," मास्तर त्यांना म्हणाले. "पोटातना फुक. आन ओठाचं कोपरं घट." ते उठले, मेहताभाईंसमोर उभे राहिले आणि आपल्या दोन बोटांनी त्यांच्या ओठांचे कोपरे दाबून धरले. सोसायटीच्या सेक्रेटरीचं तोंड असं धरलेलं मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघणार नाही.

जयेश हे सगळं बघत होता. त्याचे वडील कोणाचाही हात न धरता उभे होते आणि सेक्रेटरीला झापत होते. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, हे असं उभं राहून चालेल का त्यांना?"

"ते कधीपासून उभे आहेत," मी म्हणाले.

बदकाचा विषय ग्रुपवर मेहताभाईंनी फार मुत्सद्दीपणे मिटवला. बदक सापडलं, ते सुखरूप आहे, संध्याकाळी पाच ते साडेपाच गच्चीवर आवाज करील, असं त्यांनी लिहिलं. चौथ्या मजल्यावरच्या बाई अजूनही म्हणतात की त्यांनी पाहिलं होतं ते पांढरं होतं. गच्चीवर मास्तर आधी माउथपीस आणि मग डॉक्टरांच्या परवानगीने ट्रम्पेट वाजवू लागले. मेहताभाई शिष्य झाले. त्यांना कधीच काही आलं नाही, पण रोज गच्चीवर जिन्याने चढत गेल्याने त्यांचं पोट थोडं कमी झालं. छातीच्या तपासणीला गेल्यावर मास्तरांनी डॉक्टरांसमोर तिन्ही गोळ्या वर चढवल्या आणि यंत्र त्यांना परत देत म्हणाले, "घ्या. ह्याला सूर न्हाय."

सगळं गोड झालं असं मात्र म्हणता येणार नाही. डावीकडचं फुप्फुस पूर्वीसारखं झालं नाही. ते रात्रभर वाजवणं गेलं ते गेलंच. मला कितीतरी वेळा वाटायचं, औषधाच्या चिठ्ठीवर अंगण लिहून देता यायला हवं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, शेजाऱ्यांसकट. खारीतलं मास्तरांचं घर अंगणासकट पाडलेलं होतं. मी त्यांना गच्ची देऊ शकले. गच्चीवर पाण्याच्या टाक्या असतात.

पुढच्या लग्नसराईत त्यांच्या पुतण्याच्या मुलीची हळद खारीत होती. मास्तर बँडच्या दुसऱ्या रांगेत उभे राहिले, पुढची जागा त्यांनी स्वतःहून तरुणांना दिली. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, शालीचा पत्ता नाही. आम्ही सगळे गेलो होतो. पल्लवी नाचत होती, खजिनदार टाळ्या वाजवत होते, आणि मेहताभाई पांढऱ्या बुटांत, हातात रुमाल घेऊन, मंडपाच्या ऐन मधोमध असे नाचत होते की आगरी बायकांनी त्यांना जागा करून दिली होती. जयेश मात्र नाचत नव्हता. तो वडिलांच्या बाजूला उभा राहून त्यांच्या ओठांचा रंग बघत होता.

अर्ध्या गाण्यात मास्तर थांबले. ट्रम्पेट खाली घेतला, एक हात वर केला. ताशा थांबला. जयेश एका उडीत त्यांच्यापाशी पोचला, मीही गर्दीतून वाट काढत गेले.

"काय होतंय, बाबा? बसा. खाली बसा."

"मना काय न्हाय झालं," मास्तर म्हणाले, आणि ट्रम्पेटने पुढे दाखवलं. "तो मेहता बग. त्याला खुर्ची दे, न्हायतर मरंल नाचून नाचून."

मेहताभाईंना खुर्ची दिली, सरबत दिलं. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून उचललं. जयेशने बूट काढून कडेला ठेवले आणि तो मंडपात उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझा फोन वाजला.

"मॅडम, मेहता बोल रहा हूँ. घुटना पूरा जाम है. कुछ भी करो, लेकिन नाचना बंद मत बोलना. अगले महीने गोडदेव में भी एक हल्दी है, मास्टरने बुलाया है."